तुकोजीअण्णांची प्रतिहरकत

बेंगळुरूच्या जयनगरातल्या त्या घरात वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहायला आले, त्याला आठवडाही झाला नव्हता. तेव्हा एका सकाळी दाराखालून सात पानांचा एक मसुदा सरकत आत आला. विषय: पाण्याची मोटर किती वाजता लावावी. प्रश्न पहिला: मोटर सकाळी सहाला लावावी काय? सकारण उत्तर द्यावे. प्रश्न दुसरा: सहाला नको असल्यास पर्यायी वेळ कोणती, व तिचे इतर घटकांवर होणारे परिणाम कोणते? हरकती सात दिवसांत, हरकतींवरच्या प्रतिहरकती पुढच्या चार दिवसांत. सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी. घरात संबंधित दोनच. तळमजल्यावर घरमालक तुकोजीअण्णा आणि वर मी.

मी आपली पुण्याची. हरकत घ्या म्हटल्यावर मागे कशी हटेन? ‘मोटरचा आवाज थेट माझ्या उशाखाली येतो, सातला लावा’ असं एका ओळीत लिहून दिलं. चार दिवसांनी माझ्या एका ओळीवर तीन पानांची प्रतिहरकत आली. मोटर सहालाच राहिली.

हे खूळ अण्णांना लागलं कुठून, ते पुढे कळलं. दिल्लीला दूरसंचाराचं जे नियामक कार्यालय आहे, ते कुठलंही धोरण ठरवायच्या आधी प्रश्नांचा एक मसुदा प्रसिद्ध करतं. त्यावर कुणीही मत कळवावं. मग सगळ्यांची मतं वाचून त्यावर पुन्हा मत कळवावं, ती प्रतिहरकत. हे ‘कुणीही’ अर्थात लिहिण्यापुरतं असतं. मतं पाठवतात त्या मोबाईल कंपन्या, वाहिन्या आणि त्यांचे वकील. पण आमच्या अण्णांनी तो शब्द अक्षरशः मनावर घेतला होता. मोबाईलवरच्या ब्रॉडबँडचा मसुदा असो, की फोन आणि प्रसारण या दोन्हींना मिळून एकच कायदा असावा का हा प्रश्न असो, अण्णांचं मत मुदतीच्या दोन दिवस आधी पोचलेलं असायचं. अर्जात ‘संस्था’ असा एक रकाना असतो. त्यात ते सुवाच्य अक्षरात लिहायचे, ‘नाही’.

जन्मभर ते सरकारी रेडिओच्या ट्रान्समीटरवर ड्यूटीला होते. तो ट्रान्समीटर आता बंद झालाय. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. घराणं बेंगळुरूला इतक्या पिढ्यांपूर्वी आलंय, की मोजायचं त्यांनीही सोडून दिलंय. मराठी घरातली, पण जिभेवर कानडी जागोजाग चिकटलेली.

मी व्हाइटफील्डला एका व्हिडिओ ॲपच्या कंपनीत नोकरी करते हे कळल्या दिवसापासून अण्णांनी मला नाव ठेवलं, समोरची पार्टी. “काय समोरची पार्टी, आज मेट्रोला गर्दी हाय का?” “समोरची पार्टी, डोसा खातासा काय?” पार्टीला डोसा चटणीसकट मिळायचा, आणि सोबत धोरणही.

“स्वल्प इरी, ऐका,” अण्णा म्हणायचे. स्वल्प इरी म्हणजे थोडं थांबा. प्रत्यक्षात अर्ध्या तासाची निश्चिंती. “प्रसारण म्हंजे देवळातली घंटा. एकदा वाजवली, शंभर लोकांनी ऐकली. तुमचं नेट म्हंजे शंभर घरी जायचं आन् शंभरदा घंटा वाजवायची. आन् ज्याच्या घरी रस्ताच न्हाई, त्यानं काय करायचं?”

“त्याच्याकडेही येईल की नेट. कामं चालू आहेत.”

“सरी, बरं. येईल. तवर त्यानं कानात बोटं घालून बसायचं काय?”

त्यांची मागणी एकच होती. टॉवरवरून रेडिओ आणि टीव्ही नेटशिवाय थेट फोनमध्ये उतरला पाहिजे. ज्याच्या हातात फोन, त्याला घंटा ऐकू आली पाहिजे. ॲपवरच्या रेडिओला ते रेडिओच मानत नसत. त्यांच्या संचावर बातम्या सुरू झाल्या, की माझ्या फोनवर त्या बऱ्याच उशिरा सुरू होतात हे त्यांनी मला घड्याळ लावून तीनदा दाखवलं होतं. “शिळं हाय,” असा निकाल द्यायचे आणि फोन परत करायचे.

अण्णांचा एक नियम मात्र मला काही केल्या कळत नव्हता. दुपारी चार ते पाच दार बंद. दारावर पाटी: ‘चार ते पाच आम्ही नाही.’ आतून रेडिओ मोठ्याने चालू, म्हणजे असायचे आतच. पण बेल वाजवा, हाक मारा, ओ नाही. एकदा माझा गॅस सिलिंडर सव्वाचारला आला. फाटकाची किल्ली अण्णांकडे. सिलिंडर आल्या पावली परत गेला आणि मी दोन दिवस दहीभातावर काढले. तिसऱ्या दिवशी जाऊन मी चांगली भांडले. माणसाला झोपेचं इतकं कसलं कौतुक, असंही म्हणाले. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. “लिहून द्या,” म्हणाले.

मग या वर्षी एक सुनावणी आली. फोन आणि प्रसारण एकत्र आणायच्या मसुद्यावर नियामकांनी ऑनलाइन खुली चर्चा ठेवली आणि अण्णांना बोलायला तीन मिनिटं मिळाली. इतक्या वर्षांच्या लिखापढीनंतर पहिल्यांदाच कुणी त्यांचं म्हणणं कानांनी ऐकणार होतं. आठ दिवस त्यांनी कुकरसाठी ठेवलेल्या टायमरवर भाषणाची तालीम केली. सुनावणीच्या दिवशी नेमका गल्लीत रस्ता खणताना त्यांच्या केबलचा निकाल लागला. माझं नेट दुसऱ्या कंपनीचं, ते चालू होतं. मी रजा टाकली. अण्णा टाय लावून वर आले, सोबत स्वतःची खुर्ची घेऊन.

सकाळी अकराला चर्चा सुरू झाली. आधी कंपन्या. एकेकाला पाच मिनिटं दिलेली, प्रत्येक जण वीस मिनिटं बोलला. आमच्या कंपनीचा माणूस तर आभार मानायलाच पाच मिनिटं घेऊन बसला. अण्णांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. जेवणाची सुट्टी झाली, पुन्हा कंपन्या आल्या. साडेतीन वाजले. अण्णा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागले. चारला पाच कमी असताना ते उठले.

“अण्णा, बसा! तुमच्या आधी आता एकच आहे.”

“चारला अक्का जात्यापाशी येऊन बसते,” ते म्हणाले.

“कोण अक्का?”

मग उभ्याउभ्याच त्यांनी सांगितलं. त्यांची थोरली बहीण मलेनाडूच्या डोंगरात एका वाडीवर राहते. नवरा गेला, डोळे गेले. अण्णांचा ट्रान्समीटर चालू होता, तोवर तिच्या संचावर बेंगळुरू लागायचं. आपला भाऊ तिकडून चालवतोय म्हणून ती ऐकायची आणि पत्र लिहून घेऊन कळवायची, मंगळवारी खरखर होती. ट्रान्समीटर बंद झाला, शहरापुरतं एफएम उरलं आणि तिचा संच मुका झाला. नेट तिथे नाही. फोनचा आवाज तेवढा पोचतो, तोही घरामागच्या जात्याजवळच. म्हणून रोज चारला अण्णा फोन लावतात आणि तो तासभर रेडिओपुढे धरून बसतात.

“मग हे तुम्ही आजवर एकदाही का लिहिलं नाहीत?”

“घरचं गाऱ्हाणं धोरणात घालायचं न्हाई.”

“एक दिवस दहा मिनिटं उशीर झाला तर काय होईल?”

“प्रसारणाला उशीर होत न्हाई,” अण्णा म्हणाले. माझ्या हातात भाषणाचा कागद दिला आणि टाय सैल करत जिना उतरले.

चार वाजून सात मिनिटांनी नावाचा पुकारा झाला. मी लॅपटॉप उचलून तशीच खाली धावले. घाईत अण्णांची दाराला कडी लावायची राहिली होती. मी दार ढकललं. अण्णा रेडिओसमोर पाटावर बसले होते. एका हातात फोन, तो हात दुखू नये म्हणून दुसऱ्या हाताने कोपराला आधार. रेडिओवर कानडी भजन चाललं होतं. त्यांनी मला पाहिलं, ओठांवर बोट ठेवायला हात मोकळा नव्हता म्हणून नुसती मान हलवली. गॅससाठी मी याच माणसाशी भांडले होते. मला स्वतःची फार लाज वाटली.

मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि माईक चालू केला. तिकडून विचारणा झाली, आपण कोण, कुठली संस्था. कागद उघडून मी पहिलं वाक्य शोधत होते. ते काही सापडेना.

“संस्था नाही,” मी म्हणाले. “एक बहीण आहे. तिला दिसत नाही आणि तिच्या घरी नेट नाही. ज्यांना बोलायचं होतं ते आत्ता फोन रेडिओपुढे धरून तिला ऐकवताहेत. रोज ऐकवतात. म्हणून मी बोलतेय.”

मग उरलेल्या वेळात मी अण्णांचा कागद वाचला, घंटेसकट. वेळ संपल्यावर तिकडच्या बाई “नोंद घेतली” एवढंच म्हणाल्या आणि पुढचं नाव पुकारलं.

पाच वाजता अण्णा खुर्ची न्यायला वर आले. मी काय बोलले ते सगळं सांगून टाकलं. ते बराच वेळ टायची घडी घालत राहिले.

“घरचं बोललात. ते चुकलं. मी लेखी प्रतिहरकत देनार,” म्हणाले.

“द्या.”

खुर्ची उचलून दारापर्यंत गेले आणि तिथे थांबले.

“अक्का विचारत होती, भजनाच्या मधी कोन बोलत होतं म्हणून.”

“मग? काय सांगितलंत?”

“काय सांगनार,” अण्णा म्हणाले. “आमच्या पार्टीची हाय, म्हटलं.”