चूलबंद आवतण आणि एक ‘नाही’

नव्या घराचं जेवण पुढच्या रविवारी होतं आणि आवतण कोणी द्यायचं यावरून मेघाच्या घरात सकाळपासून गोंधळ चालू होता. खरं तर तो एकटी मेघाच घालत होती. बाकीच्यांच्या लेखी हा प्रश्नच नव्हता. आंजीतल्या त्यांच्या वस्तीत कोणाकडेही जेवण असलं की आवतण नत्थू आबाजी देतात. काठी टेकत बेचाळीस घरांपुढे उभे राहतात, खाकरतात आणि ओरडतात, "फलान्याकडचं आवतन हाये हो, चूलबंद!" चूलबंद म्हणजे अख्खं घर बोलावलं, त्या दिवशी घरी चूल पेटवायची नाही. झालं आवतण.

"बाबा, असं आता कोठी चालते?" मेघा म्हणाली. दोन महिन्यांपूर्वी ती शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात माईकवर न अडखळता बोलली होती आणि तेव्हापासून कोणत्याही विषयावर न अडखळताच बोलायची. "आता सगळे कार्यक्रम ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून होते. कोन येते, कोन नाई येत, किती जन, सगळं एका जागी दिसते. आबाजीचे पाय किती दुखते! दोन-दोन फेऱ्या मारा लागते त्याईले. इथं एक बोट लावलं की खतम."

बाबा, म्हणजे विवेकराव, दाढी करता करता थांबले. "दोन्ही फेऱ्या होते का त्याच्यात?"

"दोन काय, दहा होते! रिमाइंडर जाते ना."

बाबांनी उरलेला अर्धा गाल घोटला, तोंड पुसलं आणि निकाल दिला. "ठीक हाये. जेवन बराबर पार पडलं त तुह्या वर्ध्याच्या कॉम्प्युटर क्लासचं पक्कं. नाई पडलं, त फोन आलमारीत. दहावीचा शेवटचा पेपर होईस्तोवर. चाबी माह्यापाशी."

"मंजूर!" मेघा म्हणाली. तिनं आलमारीकडे बघितलंसुद्धा नाही.

नागपूरला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या आत्येभावाला, पियुषला, तिनं फोन लावला. अर्ध्या तासात त्यानं चौदा प्लॅटफॉर्मची यादी पाठवली. प्रत्येकासमोर बरोबरच्या खुणा, फुल्या आणि तारे होते.

"चौदा काऊन?" मेघानं विचारलं.

"अगं, फीचर्स कम्पेअर करा लागते. कार्यक्रम कोनत्या टाईपचा हाये?"

"जेवन."

"जेवन टाईप नाई याच्यात. कॉन्फरन्स हाये, वेबिनार हाये, प्रदर्शन हाये."

"मंग?"

"कॉन्फरन्स टाक. तेच जवळ पडते."

पहिल्या प्लॅटफॉर्मनं कॉन्फरन्सचं वेळापत्रक मागितलं. मेघानं भरलं: पंगत एक, पंगत दोन, पंगत तीन. प्रमुख वक्ते कोण, असं त्यानं विचारलं. मेघानं बराच विचार करून आईचं नाव टाकलं, कारण घरात तीच सर्वांत जास्त बोलते. शेवटी त्यानं प्रत्येक पाहुण्याला गळ्यात अडकवायचं ओळखपत्र बनवून दिलं. नमुना म्हणून मेघानं ते शेजारच्या पंचफुलाकाकूंना दाखवलं.

"गयात चिठ्ठी लटकवून जेवू मी?" काकू म्हणाल्या. "मी का हरवलेली हावो का वं?"

दुसऱ्या प्लॅटफॉर्मला प्रत्येक पाहुण्याचा ई-मेल हवा होता. चौकशी केली तर वस्तीत अकरा जणांचे ई-मेल निघाले. सगळे बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्यानं काढून दिलेले, सगळ्यांचे पासवर्ड त्याच्याच वहीत, आणि तो हिंगणीला मेहुणीच्या लग्नात.

तिसऱ्याचं नाव होतं ‘जमवाजमव’. हा मराठीत होता आणि त्याला फक्त फोन नंबर पुरायचा. निमंत्रण उघडलं की एक हिरवं बटण ‘येतो’, एक लाल बटण ‘नाही’ आणि खाली एक रकाना, ‘किती जण?’ मेघाला तो बघताक्षणी आवडला. तिनं वस्तीतले त्रेसष्ट फोन नंबर गोळा केले आणि बुधवारी संध्याकाळी बोट लावलं. खतम.

शुक्रवारी आचारी मुकेश हिशोब विचारायला आला. मेघानं त्याच्यापुढे फोन धरला. "एकसष्ट येतो."

"एकसष्ट मानसं का एकसष्ट घरं?"

"घरं त बेचाळीसच हायेत."

"मंग मानसं?"

मेघानं यादी उघडली आणि पहिल्यांदाच थोडी अडखळली. पंचफुलाकाकूंच्या घरी चार फोन, म्हणून तिथून चार ‘येतो’ आले होते. नाल्याकडच्या शेवटच्या घरात माणसं नऊ, पण फोन एक, म्हणून ‘येतो’ एकच. आणि ‘किती जण?’ हा रकाना कोणीच भरला नव्हता. चूलबंद आवतणाला माणसं मोजून सांगणं वस्तीत कोणाला शोभणार? जिथं तिथं रकान्यात आपोआप ‘एक’ पडला होता.

"म्हनजे एकसष्ट फोन जेवाले येऊन राह्यले," मुकेश म्हणाला. "नत्थू आबाजी काय म्हनते?"

"त्याईचा काय संबंध? हे सगळं सिस्टीमवर हाये."

"तसं नाई, पोरी. मी दरवेळेस त्याईलेच इचारतो. कोनाच्या घरी पाव्हने आले, कोनाचा पोरगा पुन्याहून आला, त्याईले सारं मालूम असते." मुकेशनं डोकं खाजवलं आणि आपल्याच अंदाजानं दोनशे पानांचं सामान लिहून घेतलं.

मेघानं पियुषला आकडे पाठवले. तो हरखलाच. "त्रेसष्टपैकी बासष्ट उत्तरं! अगं, नागपुरात चाळीस टक्के आले तरी लोकं पार्टी देते!"

बासष्ट? मेघानं पुन्हा बघितलं. एकसष्ट ‘येतो’. आणि खाली, लाल अक्षरात, ‘नाही: १’. नावाच्या जागी लिहिलं होतं, ‘गोपनीय’.

तिनं आईला दाखवलं. पौर्णिमाबाईंनी हातातली परात खाली ठेवली. "नाई? आवतनाले नाई? अवं, आपल्या इथं कोनी आवतनाले नाई म्हनते का? याचं नसलं तरी येतो म्हनते आन् मंग येत नाई. हे कोन?"

त्या रात्री घरात कोणाशी कधी भांडण झालं होतं याची उजळणी झाली. उत्तर निघालं नाही, पण दोन जुनी भांडणं नव्यानं आठवली.

रविवार उजाडला. सकाळी नव्या घरात बुद्धवंदना झाली. मांडवात पंगतीला बसायच्या टाटपट्ट्या अंथरल्या. आलू-वांग्याच्या भाजीचा वास नाल्यापर्यंत गेला. अकराला ‘जमवाजमव’नं सगळ्यांना रिमाइंडर धाडलं, ‘कार्यक्रम सुरू होण्यास एक तास शिल्लक’. मेघा नवा ड्रेस घालून मांडवाच्या तोंडाशी उभी राहिली.

बारा वाजले. कोणी नाही.

साडेबारा वाजले. एक कुत्रं आलं. त्याला आवतण नव्हतं.

"टाकू का पुऱ्या?" मुकेशनं विचारलं.

"थांबा, थांबा," मेघा म्हणाली. फोनवर दिसत होतं, ‘आलेले पाहुणे: ०’. तिनं पियुषला फोन केला. तो म्हणाला, "रिफ्रेश कर." तिनं केलं. पुन्हा शून्यच आलं, फक्त ताजं.

एक वाजला. वरणावर साय धरली. बाबांनी खिशातून आलमारीची चाबी काढली, सदऱ्याला पुसली आणि परत खिशात ठेवली. ते मेघानं बघितलं. क्लास गेला, फोन गेला, आणि दोनशे माणसांची बुंदी घेऊन आता आठवडाभर काय करायचं?

ती पळत पंचफुलाकाकूंकडे गेली. दारात बघते तर काय, काकू नवं लुगडं नेसून ओसरीवर बसलेल्या. शेजारी मुलगा, सून, दोन नाती. सगळ्यांच्या केसांना तेल, पायांत चपला, आणि चेहरे उपाशी.

"काकू! तुम्ही तयार हा, मंग येऊन काऊन नाई राह्यल्या?"

"तू मले बलावाले आली का पाहाले आली?"

"तुम्ही बटन दाबलं होतं ना? येतोचं?"

"दाबलं ना. चौघाईनं दाबलं. ते झालं आवतन. आता पानं वाढल्यावर मानूस येते बलावाले, दुसऱ्या फेरीले. कोठी हाये मानूस?"

"रिमाइंडर आलं असन ना अकराले?"

"आलं. एक तास बाकी हाये म्हने. आम्ही बसलो वाट पाह्यत. तास संपला, मानूस काही आला नाई. बिनबलावलं जाऊन बसू का मांडवात? लोकं म्हनतीन, हपापली!"

"मी आलो ना आता! चला!"

काकूंनी गल्लीत डोकावून पाहिलं. "बाकीचे निघाले का?"

"नाई."

"मंग मी पयले कशी निघू?"

पुढच्या घरीही तेच. त्याच्या पुढच्या घरीही तेच. लहान असताना मेघा जेवणाच्या दिवशी सकाळपासून मांडवातच हुंदडायची, त्यामुळे दुसरी फेरी म्हणजे विसरभोळ्यांसाठी आठवण, असंच तिला वाटायचं. आता कळलं. आबाजी गल्लीत ओरडले की सगळी दारं एकदम उघडतात, सगळी वस्ती एकदम निघते आणि पहिलं कोणीच नसतं. बेचाळीस घरं उपाशी, तयार होऊन, दुसऱ्याच्या दाराकडे डोळे लावून बसली होती.

नत्थू आबाजी कडुनिंबाखाली खाटेवर बसले होते. पांढरं धोतर, धुतलेला सदरा, काठी मांडीवर आडवी. बघूनच कळत होतं की सकाळपासून असेच बसलेत.

"आबाजी, चला ना! कोनीच नाई आलं जेवाले!"

"मी नाई येत," आबाजी म्हणाले. "मी कळवलं हाये तसं. सुनेच्या मोबाईलवरून."

मेघा जागच्या जागी थिजली. "तो ‘नाई’ तुमचा होता?"

"मंग कोनाचा? सत्तर वर्साचा झालो, कोनाच्या आवतनाले नाई म्हनलो नाई. म्हनाची सोयच नव्हती. तुनं बटन देलं, म्हनलं दाबून पाहू." ते किंचित थांबले. "मजा आली थोडी. मंग दोन दिवस झोप नाई लागली."

मेघाला हसावं की रडावं कळेना. ती खाटेच्या कडेला बसली. "तुमचे पाय दुखते म्हनून केलं होतं मी."

"पाय माहे दुखते ना? मंग मले इचारलं होतं का?"

नव्हतं विचारलं. चौदा प्लॅटफॉर्म तपासले, पियुषला विचारलं, झेरॉक्सवाल्याला विचारलं. आबाजींना नव्हतं विचारलं. मेघानं मान हलवली.

आबाजींनी काठी टेकली, उठले आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन खाकरले. तेवढ्या खाकरण्यानंच चार दारं उघडली. "विवेककडची पानं वाढली हो! चला जेवाले! चला!"

दहा मिनिटांत मांडव गच्च भरला. पहिल्या पंगतीला पंचफुलाकाकू होत्या, पण पहिल्या नव्हत्या. मुकेशच्या कढईतल्या पुऱ्या पुरता पुरत नव्हत्या. एक, दोन, तीन पंगती उठल्या, बुंदी तळाला गेली आणि बाबा घामाघूम होऊन वाढत राहिले. तिसरी पंगत उठल्यावर मेघाच्या लक्षात आलं की आबाजी कुठंच दिसत नाहीत.

"ते घरी गेले असतीन," बाबा म्हणाले. "बलावनाऱ्याले शेवटी ज्याचं आवतन त्यानं जाऊन बलावा लागते. जातो मी."

"आवतन माह्यं होतं," मेघा म्हणाली. "मीच जातो."

आबाजी खाटेवर बसले होते, पुन्हा तसेच, काठी आडवी.

"चला आबाजी. पान वाढलं."

"आता काऊन पायी आली? फोन नाई का? फोनवर बलाव. तुह्यी पद्धत मोडू नको."

मेघानं दोन हात अंतरावरून त्यांना फोन लावला. आबाजींच्या खिशात जुना बटणाचा फोन ओरडायला लागला. त्यांनी सावकाश काढला, डोळ्यांपासून लांब धरला, नीट विचार केला आणि लाल बटण दाबलं.

"कटला," ते म्हणाले.

तिनं पुन्हा लावला. पुन्हा लाल.

"आबाजी, हिरवं! हिरवं दाबा!"

"मालूम हाये मले. पण आता सवय पडली ना." त्यांनी फोन खिशात टाकला, काठी टेकली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उठले. "चाल. आन् बापाले सांग, पोट्टीले त्या क्लासले पाठव म्हना. फकस्त येच्यापुढे बटन एकच ठेवजो. येतोचं."