सरांच्या पत्त्यावरून

सासरे जाऊन आठ दिवस झाले होते. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत शिकवलं. विद्यार्थ्यांना शोकसभेचं कळवायचं होतं, पण बायको फोन करायला बसली की तिसऱ्या वाक्याला तिचा आवाज जायचा. म्हणून मी म्हणालो, "तू राहू दे. मी बघतो."

(माझ्या या वाक्यानंतर घरात काही ना काही मोडतंच.)

सासऱ्यांना मी एक वेब ॲप्लिकेशन करून दिलं होतं. त्यात तीनशे बारा विद्यार्थ्यांचे पत्ते होते. अडचण एवढीच, की त्यातून ईमेल जायची नाही. बाहेरचा मेल सर्व्हर जोडायला हवा होता. सर्व्हरचं नाव, पोर्ट, युजरनेम, पासवर्ड. भरायचे रकाने चार, मला लागले पाच तास. आधी पोर्टचा आकडा चुकला, मग पासवर्ड. मग सर्व्हरने बजावलं, की पाठवणाऱ्याचा पत्ता खातेदाराचाच हवा. खातं सासऱ्यांचं होतं. त्यांचा पत्ता टाकला, विषय लिहिला 'चाचणी', खाली दोन ओळी खरडल्या आणि स्वतःलाच पाठवून पाहिलं.

निदान मला तसं वाटलं. खूण 'सर्वांना' वर होती.

पहिलं उत्तर मिनिटाभरात आलं. "सर, अभ्यास झालेला नाही."

दुसरं आलं, "सर, पन्नाशीला आलो. आता तरी सोडा!"

तिसऱ्याने विचारलं, "कोणत्या धड्यापर्यंत?"

बायको मागे येऊन उभी होती.

"बाबांच्या नावाने गेलं?"

"हो."

"सगळ्यांना?"

"एकही पत्ता चुकीचा निघाला नाही," मी म्हणालो. (शाबासकी मागायची ती वेळ नव्हती.)

ती शेजारी खुर्ची ओढून एकेक उत्तर वाचू लागली. सासूबाई आतून आल्या. "मोठ्याने वाच गं." अभ्यास न झालेल्या एका जजसाहेबांचं उत्तर ऐकून त्या आठ दिवसांत पहिल्यांदा हसल्या, आणि हसता हसताच त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, चला, चुकून का होईना, काहीतरी बरं घडलं हातून.

तेवढ्यात एका डॉक्टरीणबाईंचं उत्तर आलं.

"दोन ओळींत शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत. सरांना काय झालं?"

सासूबाईंचं हसू थांबलं. मग बायको मला म्हणाली, "ऊठ. हिला मी लिहिते."