सगळं पॅरलल आहे

अलफियाच्या मंगणीला मंडपवाल्याची लायटिंग? अयूबला तो स्वतःचा अपमान वाटला. उमेदीची सगळी वर्षं मस्कतला वायरमन होता तो, उगीच नाही!

"दाभोळच्या पाव्हण्यांसमोर अंधार झाला, तर पक्कड कायमची जप्त," बायकोने, रझियाने बजावलं.

"कसा होईल? सगळं पॅरलल आहे. एक माळ गेली तरी बाकीच्या चालू. प्रत्येकीला पुरते दोनशे तीस व्होल्ट! माळा सहा, एकीला अर्धा अँपिअर, म्हणजे तीन. एमसीबी आपला सोळाच्या वर गेलं तरच पडणारा."

मग घरात सगळ्यांनाच धीर आला. रझियाने त्याच बोर्डावर सुरमईचा फ्रीजर लावला, वाटणाचा मिक्सर लावला.

"अब्बा, दुपट्ट्याला इस्त्री?" अलफियाने विचारलं.

"लाव गो! जितकी जोडणी वाढेल तितका एकूण रेझिस्टन्स कमी. करंटला वाट मोकळी!"

हे अगदी बरोबर होतं आणि घोळ नेमका तिथेच होता. वाट मोकळी झाली की करंट धो धो येणार, आणि तो सगळा त्या एकाच एमसीबीतून. अयूबचा हिशेब मात्र माळांवरच थांबलेला.

पाव्हण्यांची गाडी दारात आली. रझियाने चहाची इलेक्ट्रिक किटली लावली. खट्ट! अख्खं घर अंधारात.

"पक्कड आणा इकडं," रझिया म्हणाली. अयूबने मुकाट्याने दिली. लाजेने मेल्याहून मेला बिचारा.

तेवढ्यात दारातून नवरदेवाच्या, अद्नानच्या अब्बांचा आवाज आला, "पॅरलल आहे ना? लोड किती धरलात?"

"तीन!"

व्याह्यांनी मोबाइलचा उजेड बोर्डावर पाडला. "आणि फ्रीजर? त्याचे दोन. मिक्सरचे तीन, इस्त्रीचे चार, किटलीचे सात."

"या अल्लाह, एकोणीस! म्हणजे रेझिस्टन्स बारा ओहम."

"बारा पूर्णांक एक!"

मोबाइलच्या उजेडात दोघे व्याही मंगणी विसरून भांडू लागले. अद्नानच्या अम्मीने शांतपणे किटली आणि इस्त्री काढली, एमसीबी वर केला. माळा लखलखल्या. भांडणाऱ्यांना पत्ताच नाही.

"काय सांगू तुम्हाला, आमचे हे..." रझिया ओशाळली.

"मला सांगता? आमच्याकडची पक्कड मी तांदळाच्या डब्यात लपवते."

"पोरगा तरी?"

पोरगा बोर्डाशी वाकलेला. "अम्मी, टेस्टर मिळेल कुठं?"

अलफियाने लाजत नव्या पर्समधून टेस्टर काढून त्याच्या हातात ठेवला.

दोन्ही आयांनी कपाळाला हात लावला. मग रझियाने पक्कड अयूबला परत देऊन टाकली.