पाना कोनता लागन?

हिंगणघाटच्या आमच्या आळीत कसलीही अडचण उभी राहिली, की महादेवकाकाजींचा प्रश्न ठरलेला असे, "पाना कोनता लागन?" मग ते नळावरचं भांडण असो की कोणाच्या पोराचं मॅट्रिकचं गणित. एकदा शेजारच्या सासूसुना कडाकडा भांडत होत्या. काकाजी कुंपणावरून वाकून गंभीरपणे म्हणाले, "इथं पक्कड नाई चालनार. आंदी तेल सोडा, मंग बोला." दोघी भांडण विसरून त्यांच्यावरच तुटून पडल्या. काकाजींच्या मते हत्यार बरोबर बसलं होतं.

काकाजी कापसाच्या जिनिंगमध्ये हेडक्लार्क होते. मालकाने नवी गाडी घेतली तेव्हा जुनी काळी मोटार यांच्या गळ्यात पडली आणि तिच्यामागोमाग हत्यारांचं वेड आलं. रविवारी अंगणात बाज टाकायची, वर सतरंजी अंथरायची, त्यावर लहानापासून मोठ्यापर्यंत पाने मांडायचे आणि पाहत बसायचं. "हत्यार निवडलं म्हन्जे अर्दं काम झालं," असं ते म्हणत. उरलेलं अर्धं बहुधा राहूनच जाई.

त्या मोटारीत इंजिनाचं पाणी किती तापलंय हे सांगणारा काटा कित्येक वर्षं तळाशी झोपून होता. दोष काट्याचा नव्हता. इंजिनात आट्यांनी फिरवून बसवलेला एक पितळी सेन्सर असतो, अंगठ्याएवढा, तो मेला होता. काकाजी त्याला थर्मामीटर म्हणत. काकू होत्या तोवर त्याच्यावाचून काही अडलं नाही. त्या समोरच्या सीटवर बसत, नुसत्या वासावरून ओळखत आणि वेळीच ओरडत, "तापली जी, थांबवा!" आदल्या वर्षी काकू गेल्या. तेव्हापासून गाडी गल्लीबाहेर पडली नव्हती.

आणि मला नेमकी तीच गाडी हवी होती. माझी ताई अल्लीपूरला सासरी होती, दिवस भरत आले होते आणि तिला बाळंतपणाला घरी आणायचं होतं. पहिलं मूल पोटातच गेलेलं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी एसटीचे धक्के नकोत असं बजावलं होतं. त्यात चैत्र तापलेला. वाटेत इंजिन उकळून गाडी बसली, तर तिला घेऊन आम्ही काय करणार होतो? मी नागपूरहून नवा सेन्सर आणला आणि काकाजींच्या हातात ठेवला.

"आता पाना कोनता लागन?" ते म्हणाले. मी कपाळावर हात मारला.

बाज पडली. सतरंजी पडली.

"पक्कड घ्या ना," मी म्हणालो.

"पितळ मऊ राह्यते बापू. कोपरे सोलून निंगतीन."

"मंग हा स्क्रूपाना?"

"ढिला हाय. कोनाच्याच मापाचा नाई, अन् साऱ्यायले बसल्यावानी करते. अशाचा भरोसा नाई."

"गोटी?"

गोटी म्हणजे टोपीसारखा वरून बसणारा पाना. ती त्यांनी लावून पाहिली. पण सेन्सरच्या डोक्यावर वायरची खुंटी उंच, गोटी तिच्यावरच टेकली. "उथळ पडते. खोल गोटी पायजे, नाई तं रिंग पाना."

"तं मंग रिंग पाना काढा!"

"तोच तं सापडून नाई राह्यला."

रोज संध्याकाळी हेच. एकदा तर इंजिन थंड होऊ दे, गरम पाणी अंगावर उसळेल, म्हणून काम थांबलं. गाडी कित्येक दिवसांत सुरूच झाली नव्हती. शेवटी माझं डोकं फिरलं. "काकाजी, ताईले आनाचंच नाई, असं सांगून टाका ना एकदाचं!"

ते सतरंजीवरचे पाने पुन्हा ओळीने लावू लागले. हात पुसायला फडकं शोधत मी समोरच्या सीटपुढचा खण उघडला. आत काकूंची बडीशेपेची डबी होती आणि लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेला एक रिंग पाना. सेन्सरला लावून पाहिला, तर अगदी मापात बसला.

"काकाजी, हा तं इथंच हाय!"

"मीच ठेवला तो."

ते पाना चिंधीने पुसत राहिले. मग म्हणाले, "माय होती तवा बायकोनं गाडीत समोर बसावं का? बायांनी मांगं बसाचं, अशी रीत. लगन झाल्यापासून दोन शब्द बोलाले जागा नाई भेटली. मंग हा थर्मामीटर बिघडला. मी मायले म्हनलो, काटा बंद पडला, आता गाडीचा ताप पाह्यले समोर एक मानूस लागते. माय म्हने, बसव मंग सुनेले." एवढं बोलून ते हसले. "मंग मी कायले दुरुस्त करतो?"

"पन आता तं..."

"आता दुरुस्त केला, तं तिची नोकरी गेली ना बापू."

माझा राग कुठच्या कुठे गेला. "पन पोरीले तं आनाच लागन," म्हणत ते उठले. काकाजींनी रेडिएटरचं थोडं पाणी सोडलं, वायर काढली आणि रिंग पाना चढवून जुना सेन्सर फिरवून काढला. नवा आधी हाताने फिरवला, मग पान्याने बेताने आवळला. एवढं झालं तरी माझ्या आईने आणून ठेवलेला चहा अजून गरम होता.

दुसऱ्या दिवशी अल्लीपूरला जाताना काटा शहाण्यासारखा मधोमध उभा होता. समोरचं दार उघडायचा मला धीर झाला नाही, मी मागे आईशेजारी बसलो. पाहुणचारात उशीर झाला आणि परतताना ऊन चढलं. ताईसुद्धा मागेच, आम्ही तिघं दाटीवाटीने. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. अर्ध्या वाटेवर ती पुढे वाकून म्हणाली, "काकाजी, काटा चढून राह्यला जी!"

काकाजींनी लगेच निंबाखाली गाडी थांबवली.

"तुम्हाले दिसला नाई का?" मी विचारलं.

"दिसला ना. कोनी सांगते का, पाहून राह्यलो होतो."

इंजिन निवल्यावर त्यांनी समोरचं दार उघडून धरलं. "पोरी, तू इथं बस. पाय मोकळे होतीन."

ताईने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. "पन मले काय समजते जी त्याच्यातलं?" ताई म्हणाली.

"काटा पाहाचा अन् सांगाचं. बाकी काई नाई."

गाडी निघाली. काटा काकाजींच्या डोळ्यांसमोर होता, तरी थोडं अंतर गेलं की ते विचारत, "काय म्हन्ते ताप?"

"बरा हाय जी," ताई सांगे. "चालू द्या."