उंबऱ्यावरचा संसार

बटणवाल्याने एका बुधवारी ठरवलं, की आपण आपल्या बायकोबरोबर चहा प्यायचा.

बस, एवढंच. आता कुणी म्हणेल, यात ठरवायचं काय? बायको घरातली, चहा घरातला, पातेलं घरातलं. खरं आहे. पण ज्याच्या घरी सहा पोरं आहेत आणि नवराबायको दोघं अर्ध्या-अर्ध्या दिवसाचं काम करतात, त्याने आधी हा चहा पिऊन दाखवावा आणि मग बोलावं.

हा सकाळचा शिंप्याच्या दुकानात काजं करायचा, बटणं लावायचा. (म्हणून बटणवाला. त्याच्या स्वतःच्या सदऱ्याला मात्र तीन रंगांची बटणं होती, पण तो विषय वेगळा.) बायको दुपारची बेकरीत बिस्किटांचे पुडे भरायची. सकाळी पोरं तिच्याकडे, दुपारी याच्याकडे. सोय नामी होती. पोरं सांभाळायला बाहेरचं माणूस लागत नव्हतं. फक्त एक झालं होतं. नवराबायकोची गाठ पडायची ती उंबऱ्यावर. हा आत येतोय, ती बाहेर पडतेय. तेवढ्यात धाकटं तिच्या कडेवरून याच्या कडेवर यायचं, आणि त्याच्याबरोबर ताजी खबर.

"जुळ्यांचं वाजलंय, जवळजवळ बसवू नका. थोरलीची वेणी राहिलीय. याने नाकात शेंगदाणा घातला होता, काढलाय. दुसरा आहे का तेवढं बघा."

झाला संसार! ती खटाखट जिना उतरून जायची. रात्री पोरं निजवता निजवता ही दोघंही अशी पडायची, की घर कुणी उचलून नेलं असतं तरी कळलं नसतं.

तिच्या अंगाला बेकरीचा गोडसर वास मुरला होता. ती गेल्यावर तो वास जिन्यात थोडा वेळ रेंगाळायचा, आणि धाकट्याला कडेवर घेऊन बटणवालाही तेवढा वेळ दारात रेंगाळायचा. नव्या नवलाईच्या दिवसांत ही बाई किती बोलायची! काहीही सांगायला घ्यायची, मधेच स्वतःच हसत सुटायची, आणि गोष्टीचा शेवट राहून जायचा. असे कितीतरी शेवट ऐकायचे राहिले होते. आता तर सुरुवातही कानावर पडत नव्हती.

तर त्या बुधवारी ती उंबऱ्यावर म्हणाली, "उद्या भट्टी साफ करणार आहेत. मला तासभर उशिरा जायचंय." आणि गेली.

तासभर! बटणवाल्याने हिशोब केला. हा घरी असणार, तीही घरी असणार. कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात भिंतीकडेला एक बाक होतं, दोघांपुरतं. तिथे बसायचं. ती बोलेल, आपण ऐकू. फक्त तेवढा वेळ पोरांची सोय व्हायला हवी.

तो खालच्या मजल्यावरच्या मावशीकडे गेला. (ती नक्की कुणाची मावशी ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून ती सगळ्यांचीच होती.)

"मावशी, उद्या तासभर पोरांकडे बघाल का?"

"सहाच्या सहा?"

"पाच बघा. थोरली काय, मोठीच आहे."

"आणि तुम्ही कुठे निघालात?"

"हिला घेऊन जरा बाहेर."

"दोघंच?"

"दोघंच."

मावशीने हातातला झाडू भिंतीला टेकवला. त्या इमारतीत नवराबायको दोघंच बाहेर पडत ती एक तर मयताला नाहीतर डॉक्टरकडे. मयत तर कुठे झालं नव्हतं.

"बरी आहे ना रे ती?"

"तशी बरी आहे. पण मावशी, किती दिवस झाले..." आणि इथे बटणवाला लाजला. स्वतःच्याच बायकोबरोबर चहा प्यायचाय, हे तोंडाने सांगायचं कसं? त्याने मान खाली घातली. मावशीने काय समजायचं ते समजून घेतलं.

"अरे, सहा कमी होती का?"

"सहा तुम्ही बघा मावशी, पुढचं मी बघतो," बटणवाला घाईघाईने म्हणाला आणि वर पळाला. सगळी गडबड या एका वाक्याने केली. त्याला बिचाऱ्याला वाटलं, काम फत्ते.

गुरुवारी त्याने शिंप्याकडे सदऱ्याची बटणं बदलून घेतली, सगळी एका रंगाची. केस ओले करून विंचरले. जिना चढून वर येतो तो दाराबाहेर ही चपलांची रास! 

आत बघतो तर खोली बायकांनी भरलेली. पोरांची सोय अशी झाली होती की राजवाड्यातही होणार नाही. एकेका पोराला एकेक बाई. जुळ्यांच्या मधे तर शेजारच्या रंगाऱ्याची बायको भिंतीसारखी बसली होती. आणि खाटेवर, पाठीला उशी, हातात वाफाळता कप, अशी त्याची बायको.

"आलास?" मावशी कडाडली. "बाईला सातवं राहिलंय आणि हा तिला उभ्याने पुडे भरायला पाठवतोय!"

बायकोने सगळ्यांच्या डोक्यांवरून त्याच्याकडे पाहिलं. "अहो, मला सातवं आहे म्हणे. तुम्हाला कुणी सांगितलं?"

बटणवाला सदऱ्याच्या नव्या बटणाशी चाळा करू लागला. एवढ्या बायकांसमोर काय सांगणार? 

"तसं काही नाहीये हो मावशी," बायको म्हणाली.

"जुळ्यांच्या वेळीही हेच म्हणाली होतीस. तू आज जायचं नाहीस. अरे बघतोस काय? बेकरीत जा आणि ती येत नाही म्हणून सांगून ये!"

बायकोने तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात कुणीतरी तिच्या केसांना तेल लावायला घेतलं. किती दिवसांनी तिची पाठ कशाला तरी टेकली असेल! तिचे डोळे हळूहळू मिटले.

"या सांगून," ती म्हणाली.

म्हणजे बघा, तास होता, बायको होती, चहाही होता. फक्त बटणवाला रस्त्यावर होता.

बेकरीत भट्टी साफ होऊन काम सुरू झालं होतं. मुकादमाने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पुडे कोण भरणार? तुम्ही तर मोकळेच दिसताय." आणि याच्या गळ्यात एप्रन आला. तिचाच होता तो. तिचाच वास.

शेजारी चष्म्याची एक बाई भराभर पुडे भरत होती. "ही तिची जागा बरं का," ती म्हणाली. "काय हसवते हो आम्हाला!"

"ही?"

"मग! परवा ती पोपटाची गोष्ट सांगितली. हसून हसून माझा पुडा सांडला."

"कुठला पोपट?"

"अय्या, तुम्हाला नाही माहीत?"

बटणवाल्याने एक बिस्किट मोडलं. चुकूनच. "शेवटी काय झालं त्या पोपटाचं?"

"शेवट कुठे सांगते ती! आधीच हसत सुटते."

म्हणजे ते अजून तसंच होतं तर. त्याला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. इथल्या बिस्किटांनीसुद्धा तिचं बोलणं त्याच्यापेक्षा जास्त ऐकलं होतं. दुपारभर तो पुडे भरत राहिला आणि त्या पोपटाचा विचार करत राहिला.

संध्याकाळी घरी आला तेव्हा चपला गेल्या होत्या. बायको ताजीतवानी दिसत होती, केस चकचकीत.

"मावशीला पटवलं शेवटी," ती म्हणाली. "पटलं नाही, पण दमली. आता खरं सांगा, तिला काय सांगितलं होतंत?"

"काही नाही. मला तुझ्याबरोबर चहा प्यायचा होता. कोपऱ्यावर. दोघंच."

तिची नजर त्याच्या सदऱ्याच्या एकरंगी बटणांवर गेली. मग तिने चहाचं पातेलं चुलीवर ठेवलं. थोरली मोठी शहाणी. तिने कुणी न सांगता पाचही जणांना आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं.

दोन कप. समोर ती.

"बोला," ती म्हणाली.

इतक्या दिवसांचं साठलेलं. बटणवाल्याने घसा साफ केला. "जुळ्यांच्या चपला लहान झाल्यात."

ती अशी हसली की कप खाली ठेवावा लागला. "हे सांगायला कोपऱ्यावर नेणार होतात?"

"नाही गं. तू बोल. त्या पोपटाचं सांग."

आणि ती बोलायला लागली. तोच आवाज. तेच मधेच हसणं. बटणवाल्याने नीट ऐकू यावं म्हणून कोपर गुडघ्यावर टेकवलं आणि हनुवटी तळव्यात ठेवली. सकाळभर बटणं लावली होती, दुपारभर पुडे भरले होते, आता कुठे दिवस सार्थकी लागत होता. पोपट पिंजऱ्याचं दार चोचीने उघडतो, एवढं त्याला स्पष्ट ऐकू आलं.

डोळे उघडले तेव्हा उजाडलं होतं. अंगावर पांघरूण होतं. दोन्ही कप धुऊन पालथे घातलेले होते.

दुपारी उंबऱ्यावर गाठ पडली. ती धाकट्याला त्याच्या कडेवर देता देता थांबली. अशी ती कधी थांबत नसे.

"काल फार बरं वाटलं," ती म्हणाली. "किती दिवसांनी कुणीतरी मधे न बोलता ऐकून घेतलं. सगळं बोलून झाल्यावरच तुमचा डोळा लागला."

"हं," बटणवाला म्हणाला.

"मग ते ठरलं ना? त्यांना हो म्हणून सांगू?"

आता काय विचारणार? काय ठरलं म्हणून विचारलं, तर ती पुन्हा काही सांगणार नाही. या जन्मात नाही.

"ठरलं," तो म्हणाला.

तिचा चेहरा असा उजळला, की काय ठरलंय याची त्याला पर्वाच उरली नाही. ती गेली. जिन्यातला वास अजून पुरता विरला नव्हता, तेवढ्यात दारात रंगारी आणि त्याची बायको उभी. रंगाऱ्याने केस ओले करून विंचरलेले, आणि दोघांच्या हाताला एकेक पोर.

"भावजी, तासाभरात येतोच," रंगाऱ्याची बायको लाजत म्हणाली. "कोपऱ्यावर चहाला जातोय. काल वहिनींनी विषय काढला, तर सगळ्यांचं दुखणं एकच निघालं बघा. नवऱ्याशी बोलायला वेळच नाही. वहिनी म्हणाल्या, आमचे हे दुपारचे घरीच असतात."

त्यांच्यामागे मावशी होती, नातवाला घेऊन. तिच्यामागे मावशीचा नवरा, ज्याला आजवर कुणी बोलताना ऐकलं नव्हतं. त्यानेही केस विंचरले होते. जे चार होते ते.

खोली पोरांनी भरली. बटणवाला दारात आला आणि हळूच म्हणाला, "आणि आमची पाळी?"

"सगळ्यांची झाली की तुमचीच," रंगारी जिन्यातून म्हणाला.

"आणि तेव्हा पोरं कोण बघणार?"

रंगारी दोन पायऱ्या उतरून थांबला. बिचारा खरोखरच विचारात पडला.

"तेवढं मात्र अवघड आहे हो," तो म्हणाला. "तुमच्यासारखं माणूस आता तुमच्यासाठी आणायचं कुठून?"