कानपिळीचे मूक चित्रण

लग्न लागल्याचा पुरावा म्हणून अग्नी आणि पाचशे वऱ्हाडी पुरेसे असतात, हा समज आमच्या जुन्नर-आंबेगावात १९९० नंतर मागे पडला. कॅसेटशिवायचे लग्न वैध असते. फक्त शेजाऱ्यांना दाखवता येत नाही.

आमची कॅसेट १९९७ची. शूटिंगवाल्याने सिनेमाची गाणी भरण्यासाठी मूळ आवाज पुसला आणि गाणी भरायला विसरला. त्यामुळे तीन तासांचा मूकपट हाती आला. (नायक : मी. एकूण पडणे : दोनदा. एकदा पाटावरून, एकदा पाटावर.)

बाविसाव्या मिनिटाला कानपिळी आहे. नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा, बहिणीला नीट सांभाळायची समज द्यायची आणि कपडे घ्यायचे, असा तो विधी. माझा मेव्हणा गोरख कान पिळतो आणि मी तोंड वासून काहीतरी बोलतो; बँडच्या दणक्यात ते त्यालाही ऐकू आले नव्हते. महिन्याभराने अवसरीला, सासरवाडीत, कॅसेट लागली तेव्हा गोरख ओरडला, "आईवरनं शिवी दिली राव ह्यांनी! व्हट बघा, व्हट!"

सासरे गेणभाऊ गंभीर झाले. "पावणं, काय म्हनला व्हता ते सांगा. तवर पोरगी हितंच ऱ्हाईल."

पोरगी म्हणजे माझी बायको रत्ना. तिचीही तीच अट.

मला खरोखर आठवेना. मी कॉलेजात मराठी शिकवतो. सातशे वर्षांपूर्वीच्या कवीला काय म्हणायचे होते, हे खात्रीने सांगण्याचा पगार घेतो. मी एकटाच जुन्नरला परतलो आणि आठ दिवस आरशासमोर तोंड वासून पाहिले.

पुढच्या रविवारी अवसरीत दोन्हीकडच्या सात जाणकारांची समिती बसली. दृश्य अकरा वेळा मागे नेऊन पाहिले. मतदान : शिवी – चार; 'आई गं' – दोन; तंबाखूची मागणी – एक. (हे मत माझ्या मामांचे. मी तंबाखू खात नाही; मामा खातात.)

बाराव्या वेळी गेणभाऊंनी काचेवर बोट ठेवले. "थांबवा! ही आपलीच ना? आन् ही हसतीय कशाला?"

माझ्या शेजारी, मुंडावळ्यांआड, नवरी खदखदत होती. सगळे दारात उभ्या रत्नाकडे वळले.

"म्हंजे तू ऐकलं व्हतं! काय म्हनले?"

"काय बी न्हाई ऐकलं, आबा. ह्यांचं तोंड बघूनच हसू आलं व्हतं." तिने पुन्हा टीव्हीकडे पाहिले, पदर तोंडाला लावला आणि पिशवी उचलली. "चला, एसटी चुकंल."

समितीने मला निर्दोष सोडले. चेहऱ्याबद्दलचा निष्कर्ष मात्र एकमताने नोंदवला.

तुमच्या कॅसेटला आवाज आहे म्हणून तुम्ही निर्धास्त असाल. एकदा आवाज बंद करून बायकोशेजारी बसा आणि तिच्याकडे बघा. हसली, तर वाचलात.