लाल पेलिकन आणि रायनहोल्टांचा जावई

गुरुवारी सकाळी न्याहारीला बसल्या बसल्या व्हर्ना हॅवर्टी नवऱ्याला गावचा पेपर वाचून दाखवत होती. चर्चच्या केकविक्रीची बातमी संपली, कुणाचं तरी हरवलेलं मांजर संपलं, आणि मग ती म्हणाली, "ओपलच्या थिएटरात शनिवारी दुपारी 'लाल पेलिकन' लागतोय. कॉमिकवरचा जुना सिनेमा आहे म्हणे. तू पाहिलायस का रे?"

"नाही," लायल म्हणाला. त्याच्या हातातला टोस्ट कॉफीत पडला आणि त्यानं तो तसाच बुडू दिला.

पाहिला नव्हता हे खरंच होतं. त्यानं त्यात काम केलं होतं. लाल पेलिकन तो स्वतःच होता. आमच्या बेकर्स फॉर्डमध्ये, सगळ्या ओहायोत, अगदी त्याच्या बायकोलाही हे ठाऊक नव्हतं. लग्नाआधी कॅलिफोर्नियात आपण विमा विकत होतो असं त्यानं सांगितलं होतं आणि तो इतका गंभीर माणूस होता, की लोकांना ते लगेच पटलं होतं.

सिनेमाची कथा सांगण्यासारखी नाही, पण सांगतो. एका दीपगृहाच्या रखवालदाराला विषारी पेलिकन पक्षी चावतो, त्याला चोच फुटते, चोचीखाली रबरी पिशवी लोंबू लागते आणि त्या पिशवीत बुडणाऱ्या माणसांना घालून तो किनाऱ्यावर आणतो. टीकाकारांनी सिनेमाला फाडून खाल्लं. कॉमिकचे वाचक तर त्याहून भडकले, कारण कॉमिकमधली पिशवी पिवळी होती आणि सिनेमातली गुलाबी. पहिला आठवडा पुरा व्हायच्या आत सिनेमा सगळीकडून उतरला. लायलनं पडद्यावर वेगळं नाव घेतलं होतं, तेवढीच देवाची कृपा. मग मिशी ठेवून तो ओहायोत आला, ऑगस्ट रायनहोल्ट यांच्या अंत्यविधीच्या पेढीत नोकरीला लागला आणि पुढे त्यांचाच जावई झाला.

खरी भीती या सासऱ्यांची होती. रायनहोल्टांच्या घराण्यानं तीन पिढ्या आमच्या गावची माणसं जमिनीत नीट ठेवली. शवपेटीपाशी उभ्या असलेल्या माणसाकडे बघून कुणाला हसू आलं तर पेढीला कुलूप लागलं म्हणून समजावं, असं ते नेहमी सांगत. आता ते निवृत्त होणार होते. दारावरच्या पाटीवर 'रायनहोल्ट' शेजारी 'हॅवर्टी' लिहायचं, की डेटनला राहणाऱ्या पुतण्याला बोलवायचं, ते लवकरच ठरणार होतं. लायल लग्नाला आठ वर्षं होऊनही सासऱ्यांना 'मिस्टर रायनहोल्ट' म्हणे, आणि त्यांनीही त्याला कधी दुसरं काही म्हणायला सांगितलं नव्हतं.

गावानं सिनेमा बघितला तर आपला आवाज ओळखू येणार, ही भीती लायलला सोडेना. दिवसभर विचार करून त्यानं त्याच्या मते एक नामी युक्ती काढली. शुक्रवारी तो ओपल क्रिस्टमनकडे गेला आणि शनिवारच्या खेळाची सगळीच्या सगळी तिकिटं त्यानं घेऊन टाकली. पेढीच्या माणसांना एक दिवस मौज, असं त्यानं तिला सांगितलं. पेढीत माणसं तीन होती, पण ओपलनं हिशेब विचारला नाही. शनिवारी रिकाम्या थिएटरात लाल पेलिकन एकटाच उडाला, कुणी बघितला नाही, आणि त्या रात्री लायल कितीतरी दिवसांनी गाढ झोपला.

ओपलचा एक नियम होता, तो त्याला माहीत नव्हता. शनिवारच्या सिनेमाची अर्ध्याहून जास्त तिकिटं खपली की तोच सिनेमा पुढच्या शनिवारीही लावायचा. सोमवारी थिएटरबाहेर फलक झळकला. 'लाल पेलिकन. हाउसफुल्ल. लोकाग्रहास्तव दुसरा आठवडा.' मयताची गाडी चालवत लायल तिथून चालला होता. गाडी फुटपाथवर चढता चढता राहिली, आणि मागच्या मोटारीत बसलेल्या विधवेला वाटलं, दुःखानं बिचाऱ्याचा हात थरथरला.

तो पुन्हा तिकिटं घ्यायला धावला, पण यावेळी ओपल खिडकीतच हाताची घडी घालून बसली.

"तुला नाही देणार," ती म्हणाली. "मागच्या शनिवारी पॉपकॉर्नचा एक दाणा खपला नाही. तिकिटाचे पैसे सिनेमावाले नेतात रे, माझं घर पॉपकॉर्नवर चालतं. तिकिटं हवीत तर खाणारी तोंडं घेऊन ये. नाहीतर मी गावाला विकते."

गावाला विकू देणं शक्यच नव्हतं. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही आणि दिवे मालवले की जे घोरू लागतात, अशी तोंडं त्याला हवी होती. ती होती, 'सनी एकर्स' वृद्धाश्रमात. व्हर्ना तिथे आठवड्यातून दोनदा म्हाताऱ्यांना वाचून दाखवायला जाई. लायलनं तिच्याच हातून तिकिटं वाटली. नवऱ्याला वृद्धांची एवढी कणव आहे हे कळून तिचे डोळे भरून आले. आपण बायकोला फसवतोय याची लायलला लाज वाटली, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती.

शनिवारी आश्रमाची बस आली. लायल थिएटरच्या शेवटच्या रांगेमागे, खांबाला पाठ लावून, अंधारात उभा राहिला. पडद्याकडे बघायची त्याची छाती नव्हती, म्हणून तो म्हाताऱ्यांच्या पाठमोऱ्या डोक्यांकडे बघत होता. पहिली दहा मिनिटं सगळं झकास चाललं. दोघं घोरूही लागले. मग हेझल टटल नावाच्या आजीबाईंनी, ज्यांना तोफ उडाली तरी ऐकू आलं नसतं, शेजारच्या ब्लँचला विचारलं. बहिरी माणसं विचारतात तसं, गावाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"काय म्हणतोय गं तो?"

"समुद्र मला बोलावतोय म्हणतो," ब्लँच तेवढ्याच जोरात ओरडल्या.

"मग जा म्हणावं. इथे कशाला उभा राहिलाय, तोंड वाजवत?"

सगळं थिएटर हसलं. घोरणारे जागे झाले. मग दर वाक्यागणिक हेझल विचारू लागल्या, ब्लँच सांगू लागल्या, आणि उरलेले म्हातारे हिरोला सल्ले देऊ लागले. खलनायक मागून येतोय हे त्याला वेळेवर कळवण्यात आलं. तराफ्यावर लाल पेलिकन भुकेनं तळमळू लागला तेव्हा हेझलनी पर्समधून माशांच्या आकाराची खारी बिस्किटं काढली आणि 'खा रे पोरा' म्हणत मूठभर पडद्यावर फेकली. मागच्या रांगेमागे लायलचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

त्यानंतर काही त्याच्या हातात राहिलं नाही. म्हाताऱ्यांनी नर्सना सांगितलं, नर्सनी घरी सांगितलं. तिसऱ्या शनिवारी तिकिटं उघड विकली गेली आणि लायलला एकही मिळालं नाही. चौथ्या शनिवारी कॉलेजची पोरं पुठ्ठ्याच्या चोची लावून आली. 'काय म्हणतोय गं तो' असं अर्धं थिएटर ओरडायचं आणि उरलेलं अर्धं उत्तर द्यायचं. ओपल पॉपकॉर्नच्या शेजारी मासे-बिस्किटांच्या पुड्या विकू लागली. कोलंबसच्या एका पेपरानं लिहिलं, की इतका भयंकर सिनेमा पुन्हा होणे नाही आणि तो प्रत्येकानं एकदा तरी बघावा. ज्या सिनेमाला सबंध देशानं हाकलून दिलं होतं, त्याच्यासाठी आता शेजारच्या राज्यातून गाड्या येत होत्या.

इकडे लायलची झोप उडाली. पेपराच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'हा भारदस्त आवाजाचा नट आज कुठे आहे?' ते वाचल्यापासून त्यानं आवाज बदलला. शोकाकुल नातेवाइकांचं सांत्वन तो बारीक, चिरक्या आवाजात करू लागला. एका म्हाताऱ्यानं त्याला पेटीपाशी बाजूला घेऊन घसा शेकायचा उपाय सांगितला. रात्री त्याला स्वप्न पडे, की तो कबरीपाशी उभा आहे, पाद्री प्रार्थना म्हणतोय, आणि आपल्याला हळूहळू चोच फुटतेय.

"तुला झालंय तरी काय?" व्हर्नानं एकदा विचारलं. "डॅडी विचारत होते. म्हणाले, लायल दार उघडतानासुद्धा दचकतो."

"त्यांनी आणखी काय विचारलं?"

"पाटी रंगवणाऱ्याचा फोन नंबर."

हे ऐकून तो आणखीच घाबरला, कारण पाटी कोणाच्या नावाची ते तिनं सांगितलं नाही आणि विचारायचं त्याला धाडस झालं नाही. दुसऱ्याच दिवशी सासऱ्यांनी त्याला कचेरीत बोलावलं. ते नेहमीसारखे काळ्या कोटात, ताठ बसले होते.

"शनिवारी दुपारी मोकळा राहा," ते म्हणाले. "तुला घेऊन ओपलच्या थिएटरात जायचंय."

लायलनं चिरक्या आवाजात कारण विचारलं. कारण तिथेच कळेल, असं उत्तर आलं. तीन रात्री त्यानं मनात राजीनामा लिहिला आणि खोडला. व्हर्नाला सगळं सांगून टाकावं असं त्याला दर रात्री वाटलं, पण ती शांत झोपलेली दिसली की धीर सुटे. डेटनचा पुतण्या शवपेट्यांवरून हात फिरवतोय हे त्याला डोळ्यांसमोर दिसत होतं.

शनिवारी थिएटर खच्चून भरलं होतं. रायनहोल्टांनी तिसऱ्या रांगेत दोन जागा धरल्या होत्या. आजूबाजूला चोचीच चोची. लायल खुर्चीत इतका खाली सरकला, की त्याचे गुडघे पुढच्या खुर्चीला टेकले. दिवे मालवले. त्याच्या शेजारी सासऱ्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून पुठ्ठ्याची एक लाल चोच काढली, रबर कानांमागे नीट अडकवला आणि हात मांडीवर ठेवून ते पडद्याकडे बघू लागले.

"मिस्टर रायनहोल्ट," लायल कसाबसा म्हणाला. चिरका आवाज काढायचं भान त्याला उरलं नव्हतं.

"हा आवाज बरा आहे," ते म्हणाले. "तो दुसरा सोडून दे. लोक काळजी करतात."

लायल खुर्चीत सरळ होऊन बसला.

"हा सिनेमा आला त्या आठवड्यात मी कोलंबसला होतो," पडद्यावरची नजर न हलवता ते सांगू लागले. "विमानानं एक मयत यायचं होतं, त्याला उशीर होता, म्हणून थिएटरात जाऊन बसलो. मी आणि तिकिटं फाडणारा, दोघंच. तुझी चोच वाकडी झाली होती, त्या गुलाबी पिशवीतून पाणी गळत होतं आणि तू आईच्या थडग्यापाशी रडत होतास. तो तिकिटवाला हसून हसून जमिनीवर बसला. तुझ्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. मी म्हटलं, अशा अवतारात जो माणूस गंभीर राहू शकतो, तो कुठल्याही मयतापाशी उभा राहील. पुढच्या वर्षी तू दारात नोकरी मागायला उभा, तेव्हा मी तुला शिफारसपत्रसुद्धा विचारलं नाही."

लायलला आठवलं, खरंच विचारलं नव्हतं. आठ वर्षांची भीती अंगातून अशी उतरली, की त्याचे हातपाय हलके झाले.

"मग पाटी?"

"रंगवून झालीय. दोघांची नावं आहेत. आज सकाळीच बसवली."

"आणि तुम्ही मला हे कधीच का नाही सांगितलंत?"

तेवढ्यात पडद्यावर तोच थडग्याचा प्रसंग आला. शेदीडशे लोकांनी एकदम रुमाल काढले आणि खोटे हुंदके द्यायला सुरुवात केली. लायलनं पहिल्यांदाच मान वर करून पडद्याकडे बघितलं. तिथे तो होता, तरणाबांड, थडग्यापुढे गुडघे टेकलेला, आणि पिशवीतून धार लागलेली. आधी त्याच्या नाकातून एक आवाज आला. मग खांदे हलू लागले. मग तो असा खदाखदा हसत सुटला, की पुढच्या रांगेतल्या बहिऱ्या हेझल टटलसुद्धा मागे वळून बघू लागल्या. डोळ्यांतून पाणी आलं, पोटात कळ आली, तरी हसू थांबेना. त्यानं मान खाली घातली, वर बघितलं, आणि पुन्हा हसला.

रायनहोल्टांनी चोच काढून मांडीवर ठेवली आणि बराच वेळ जावयाच्या त्या हसऱ्या तोंडाकडे पाहिलं.

"याच भीतीनं नव्हतं सांगितलं," ते म्हणाले. "सोमवारच्या मयताला मीच उभा राहीन. तू गाडीत बसून राहा."